तेलाचं वजन

या जगात माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते आमच्या काळेवाडीच्या घरमालकांचे. आणि माझ्यावर सर्वांत कमी विश्वास कोणाचा असेल, तर तोही त्यांचाच. आईवडिलांनी जन्म दिला, शाळेतल्या गुरुजींनी अक्षर दिलं, त्यांचा मी कायमचा ऋणी आहे. पण या सगळ्यांनी मला आहे तसा खरा मानून घेतलं होतं. घरमालक काकांनी मला एक दिवसही तसं मानलं नाही. धाराशिवकडच्या एका तालुक्याच्या गावातून मी नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा, आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर आहे हे समोरच्याला न सांगता कळावं म्हणून, पदवीचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबतच बाळगायचो. गावाकडे ते ज्याला दाखवलं त्यानं चहा पाजला होता. काकांनी ते हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, कागद ट्यूबलाइटसमोर धरला, मागच्या बाजूनं पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, ते बोट हुंगलं आणि म्हणाले, "शाई तर खरी वाटती. पोरा, परीक्षा तूच दिलीस का?"

"हो काका, मीच दिली."

"आसं समदेच म्हणत्यात," ते म्हणाले आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

काका मूळचे काळेवाडीचेच. त्यांच्या लहानपणी जिथं भुईमूग होता तिथंच त्यांनी पुढे आमच्या खोल्या बांधल्या होत्या. उभी हयात त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात काढली. बाहेरून आलेला माल आत घ्यायच्या आधी तपासायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही. तिची हद्द फक्त कारखान्याच्या गेटपासून सरकून आमच्या जिन्यापर्यंत आली. "माल चांगला आसंल की," ते म्हणायचे, "पर चांगला हाय आसं मानायचं न्हाई." या तत्त्वावर ते दूध आणायला स्वतः गोठ्यावर जात, म्हैस डोळ्यांनी बघत, आणि घरी आल्यावर हे दूध त्याच म्हशीचं कशावरून, या विचारानं चहा गार करत. त्यांच्या भिंतीवर दोन घड्याळं होती. मी कारण विचारलं तर म्हणाले, "एकलं घड्याळ काय बी सांगतं. दोन आसली की एकमेकांला धाक राहतो." टेलिफोनवर तर त्यांचा राग होता. नाशिकला दिलेल्या त्यांच्या मुलीचा फोन आला की ती 'हॅलो बाबा' म्हणायच्या आत हे विचारत, "आपल्या टाकीवर झाकण कशाचं हाय?" बिचारी मुकाट्यानं सांगायची, "जुन्या कॅरम बोर्डाचं." मग संभाषण सुरू. व्हिडिओवर चेहरा दाखवला तरी उपयोग नसे. "तोंडं बी आता कुणाची बी बनिवत्यात," असं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ही एक गोष्ट मात्र त्यांनी न तपासता खरी मानली होती.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत स्टोअरला होतो. शिफ्टची बस पकडायला निघालो की काका जिन्याखालच्या खुर्चीतून माझ्याकडे असं बघत, की मी खरंच कामावर जातो का, अशी मलाच शंका यायची. माझं लग्न झालं, वैशाली आली. तिच्या कपाळावरचं कुंकू खरं आहे का एवढं सोडून त्यांनी सगळं विचारून घेतलं. तिनंही त्यांना शांतपणे विचारलं, "आणि काका, तुम्ही खरे घरमालकच ना?" त्यावर ते पहिल्यांदा हसले. तिच्यावर त्यांचा संशय त्या दिवसापासून जरा कमी झाला, म्हणजे माझ्यावरच्या संशयाच्या निम्मा.

मग आमची ईश्वरी झाली. दिवस भरायच्या महिनाभराहून अधिक आधीच झाली. वजन दीड किलोच्या आतबाहेर, पाय माझ्या अंगठ्याएवढा, आणि अंगावरची कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसेल अशी भीती वाटायची. बरेच दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दर आठवड्याला वजनाला आणायचं. वजन वाढत राहिलं तर ती आईजवळ राहील, घटलं तर पुन्हा पेटीत. आमचं सगळं जग त्या काट्यावर जाऊन बसलं.

घरी न्यायच्या दिवशी काका सोबत होते, कारण रिक्षावाल्यावर त्यांचा भरवसा नव्हता. तिथल्या सिस्टरनी वैशालीला आणि मला मालीश शिकवलं. हात घासून धुवायचे, एकमेकांवर चोळून गरम करायचे, तेलाचे थोडेसे थेंब घ्यायचे. "गुदगुल्या केल्यासारखं अगदी हलकं नको, त्यानं ही बाळं वैतागतात. आणि कणीक तिंबल्यासारखं तर मुळीच नको. कातडी जराशी हलेल एवढा दाब. कपाळाला आठ्या घातल्या, बोटं फाकवली, की थांबायचं. आणि रोज अंग नुसतं पुसून घ्यायचं. वजन वाढायला यानं हातभार लागतो. मुख्य काम आईच्या दुधाचं आणि छातीच्या उबेचं." मी शाळेत बसल्यासारखा मान हलवत होतो. मागून काका म्हणाले, "बाई, एक इचारू? चोळल्यानं वजन वाढंल कसं? आमी उभा जन्म लोखंड घासताना बघितलं. घासल्यावर वजन घटतं."

"बाळ लोखंडाचं नसतं आजोबा," सिस्टर म्हणाल्या.

"व्हय, पर नियम नियम आसतो," काका म्हणाले, आणि सिस्टरांच्या हातांकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून आमच्या जिन्याला कारखान्याच्या गेटची कळा आली. बाळ बघायला येणाऱ्यांना काका खालीच अडवत. हात धुण्यासाठी बादली, साबण, आणि मग हुकूम: "खोकून दाखवा." माणूस खोकला की, "ह्यो खोकला हाय," म्हणून परत, नाही खोकला की, "दाबतूयास," म्हणून परत. माझ्या कंपनीतला एक मित्र राजगिऱ्याचे लाडू घेऊन आला होता. तो परत गेला, लाडू मात्र तपासणीसाठी ठेवून घेण्यात आले. सर्दी-पडशाचं एकही माणूस त्या दिवसांत आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा फक्त लाज वाटायची.

तेलाची तर निराळीच कथा. मी नारळाच्या तेलाची बाटली आणली. काकांनी बाटलीवरचा मजकूर वाचला आणि म्हणाले, "हे ल्हिलंय ते मी बी ल्हिन." मग ते कुठल्याशा घाण्यावर जाऊन डोळ्यांदेखत तेल काढून घेऊन आले, आणि तरी त्यातला थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून त्या मनगटाकडे टक लावून बसले. वैशाली वरून विचारी, "काका, काय म्हणतंय तेल?" ते म्हणत, "आजून तरी काय बोललं न्हाई. पर गप बसनारं जास्त वंगाळ आसतं." दुसऱ्या दिवशी मनगटाला काही झालं नाही तेव्हा तेल वर आलं, पण बाटली देताना त्यांचा चेहरा एखाद्या संशयिताला जामिनावर सोडल्यासारखा होता.

अशात माझ्या सासूबाई गावाहून आल्या. त्यांना आमचं ते थेंबथेंब मालीश बघवेना. "काय माय हे! लेकराला तेल लावता का तेलाची आठवण करून देता?" असं म्हणून त्यांनी गल्लीतल्या नावाजलेल्या मालीशवाल्या मावशींना बोलावणं धाडलं. या मावशींच्या हाताखालून निम्मी काळेवाडी मोठी झाली होती. काकांनी त्यांनाही जिन्यात अडवलं. "आधी माझ्या पायावर दाखव," म्हणाले आणि धोतर गुडघ्याच्या वर घेऊन खुर्चीत बसले. मावशींनी पदर खोचला आणि काकांची पोटरी हातात घेतली. पुढच्याच क्षणी काकांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस गिरणी बंद करून बाहेर आला.

"रिजेक्ट!" काका पाय पोटाशी घेऊन ओरडले.

"आवं, तुमचा पाय हाय म्हनून तसा चोळला," मावशी म्हणाल्या. "बाळाला कोन तसं चोळतं व्हय? येड लागलंय का!" आणि त्या रागारागानं वर आल्या. पण ईश्वरीला बघितल्यावर त्यांचा राग उतरला. खोचलेला पदर सोडवून त्या म्हणाल्या, "हिला आईनंच हात लावावा. अंगानं भरली म्हंजी मी येते." खाली उतरताना त्यांनी हे काकांनाही सांगितलं. कोणीही माणूस यावर निर्धास्त झाला असता. काका संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होते. "एवढ्या लवकर न्हाई म्हणली," ते मला म्हणाले, "काय तरी डाव हाय."

वजनाच्या दिवशी आम्ही दवाखान्यात जायचो तेव्हा काका पुढे रिक्षावाल्याशेजारी बसत. पहिल्या खेपेला वजन वाढलेलं निघालं. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं, मी सिस्टरांना हात जोडले. काकांनी धोतराच्या सोग्यात बांधून आणलेलं एक जुनं लोखंडी वजन काढलं आणि बाळाच्या काट्यात ठाण्णदिशी ठेवलं. सिस्टर किंचाळल्याच. पण काटा बरोबर निघाला. तेव्हा काकांनी ते वजन उचललं, उलटसुलट केलं आणि त्याच्याकडे नाराजीनं बघत म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याच्या येळचं हाय. झिजलं आसंल."

त्यापुढच्या खेपेला वजन आणखी वाढलं. आता काट्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. परतीच्या रिक्षात काळेवाडी फाटा आला तेव्हा काका एकदम मागं वळून म्हणाले, "तेलाचं आसंल."

"काय काका?"

"वजन. तुमी रोज तेल मुरिवताय तिच्या अंगात. ती न्हाई वाढत, तेल वाढतंय. ग्रॅज्युएट हायेस ना तू? मालाला ग्रीस लागलेलं आसताना वजन घ्येत्यात का?"

आता मागं वळून पाहिल्यावर हसू येतं, पण तेव्हा आम्हा दोघांच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. खरंच नसेल ना तसं? आपण काट्यावर बघून आनंद करतोय आणि लेक आत तेवढीच? काकांनी तोडगाही सांगितला: मालीश करा, पण रोजचं तेल रोज उतरवा, नाहीतर ते साठत जातं. हे ऐकून सासूबाईंच्या अंगात वारं भरल्यासारखं झालं. तेलानंतर लेकराला न्हाऊ घातलंच पाहिजे, हे तर त्या आल्या दिवसापासून सांगत होत्या. डाळीचं पीठ आलं, घंगाळ आलं, पायावर आडवं घेऊन रोज न्हाणं सुरू झालं. सासूबाईंचं आणि काकांचं आयुष्यात एकदाच एकमत झालं, आणि ते चुकीचं होतं.

ईश्वरी न्हाऊन झाली की ओठ निळसर करून मुटकुळं व्हायची आणि दूध ओढायच्या आधीच झोपायची. सासूबाई म्हणत, "बघा, कशी गाढ झोपली माझी माय." पुढच्या वजनाला काटा खाली आला.

नुसता थांबला नाही, खाली आला. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून सांगितलं, दोन दिवस बघू, नाहीतर पेटीत घ्यावं लागेल. वैशालीनं बाळाला असं घट्ट धरलं की सिस्टरांनी तिचे हात सैल केले. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझं सगळं शिक्षण त्या वेळी कुठं गेलं होतं, देव जाणे. बोलले ते काका. कारखान्यात एखादं माप अचानक चुकायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कालपर्यंत बरोबर होतं, मग मधे काय बदललं? काका सवयीनं बोटांवर मोजायला लागले. "तेल त्येच. हात त्येच, पोरीचे. दूध त्येच. खोली तीच. काटा..." इथं त्यांनी काट्याकडे बघितलं, पण या वेळी सोग्याला हात घातला नाही. मग त्यांचं बोट पुढच्या पेरावर थांबलं आणि तिथून हलेना.

"अंघोळ," वैशाली म्हणाली.

सिस्टर गर्रकन वळल्या. "रोज अंघोळ? एवढ्याशा बाळाला? पुसून घ्या म्हटलं होतं ना मी? ओल्या अंगानं गार पडतं ते. पोटात गेलेलं दूध स्वतःला गरम ठेवण्यातच संपवतं, वाढणार कशानं? कोणी सांगितलं हे?"

त्या दिवशी सोबत आलेल्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. खरं तर कोणी नाव घेतलं नसतं, आणि घेतलं असतं तर सासूबाईंचंच घेतलं गेलं असतं.

"म्या," काका म्हणाले.

घरी आल्यावर न्हाणं बंद झालं. खोलीच्या खिडक्या लावून वैशालीनं बाळाला छातीशी धरलं ते दूध पाजण्यापुरतं आणि मालीशपुरतंच खाली घेतलं. सासूबाई मुकाट्यानं हात शेकून द्यायच्या. दोन दिवसांनी काटा पुन्हा सरकला. जरासाच, पण वर. सिस्टर हसल्या, डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. रिक्षात पुढची जागा मात्र त्या दिवशी रिकामी होती.

काका आलेच नव्हते. त्या दवाखान्याच्या दिवसापासून ते वर फिरकले नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याला कोणी खोकायला सांगेना. टाकी भरून वाहिली तरी खालून आवाज आला नाही. दोन घड्याळांपैकी एक मागं पडलं होतं, ते तसंच. कारखान्यात नापास झालेला माल लाल रंगाच्या जाळीत वेगळा ठेवतात, त्याला कोणी हात लावत नाही. काकांनी स्वतःला उचलून त्या जाळीत ठेवलं होतं. मी एकदा जाऊन म्हणालो, "काका, वजन वाढलं." ते म्हणाले, "मला कशाला सांगतूस? माझ्या इच्यारण्यात काय दम हाय?" ज्या माणसानं माझ्या पदवीवर विश्वास ठेवला नव्हता, त्याचा आता स्वतःवरही उरला नव्हता, आणि हे दुसरं बघणं फार अवघड होतं.

तोडगा सुचला तो वैशालीला. एका दुपारी ती ईश्वरीला दुपट्यात गुंडाळून, तेलाची वाटी घेऊन खाली उतरली आणि काकांच्या मांडीवर बाळ ठेवलंच.

"ए पोरी, न्हाई! उचल तिला," काका दोन्ही हात हवेत धरून म्हणाले. "ह्ये हात तपासणीचे हायेत. ह्यांला फकस्त चूक घावती."

"मग तपासा की," वैशाली म्हणाली. "शोधा हिच्यात चूक."

काकांनी हात धुतले. पुन्हा धुतले. एकमेकांवर चोळून गरम केले, गालाला लावून बघितले. थेंबभर तेल मनगटावर टाकलं आणि थोडं थांबले. मग अंगठ्यानं, सिस्टर म्हणाल्या होत्या अगदी तेवढ्याच दाबानं, ते तिच्या तळव्यावरून फिरवायला लागले. म्हणजे त्या दिवशी ते सिस्टरांच्या हातांकडे संशयानं बघत होते असं मला वाटलं होतं, ते तसं नव्हतं. ईश्वरीनं कपाळाला आठी घातली की ते थांबत. आठी गेली की पुढे. तळवा, घोटा, पोटरी. तिनं बोटं आवळून त्यांचा अंगठा धरला तेव्हा त्यांनी मान खाली घातली, आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाले, "ओके."

उभ्या जन्मात मी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. वैशालीनं बाळ उचललं तेव्हा ते सावरून बसले. "आजच्यापुरतं," म्हणाले. "उद्या परत बघावं लागंल." आणि पुढे रोज दुपारी पायांचं मालीश त्यांच्याकडेच राहिलं. ईश्वरीची वाढ दुधानं झाली, उबेनं झाली, का त्या हातांनी झाली, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. काकांना तर ही तीनही कारणं कधी पुरती पटली नाहीत. अजूनही त्यांचं म्हणणं आहे की थोडंफार तेलाचं असणारच.

पुढे आम्ही पुनावळ्याला राहायला गेलो. जिना चढताना काकांना गुडघे दगा द्यायला लागले, आणि ज्यावर भरवसा नाही ते वापरायचं नाही या नियमानं त्यांनी जिनाच सोडला. मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. मी फोन करतो. ते टाकीच्या झाकणाचं विचारतात, मी सांगतो, तरी म्हणतात, "हे आता लई लोकांला म्हाईत झालंय," आणि फोन ठेवतात. त्यांच्या मुलीनं कळवलं, "बाबा म्हणतात, त्या पोराला हातानं ल्हिलेलं पत्र धाड म्हणावं. त्याचं अक्षर मी वळखतो." म्हणून गेल्या आठवड्यात, शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं तसं, वर मायना घालून मी त्यांना पत्र लिहिलं.

तीर्थस्वरूप काका, शिरसाष्टांग नमस्कार.

टाकीवर जुना कॅरम बोर्ड आहे, आणि त्याचं एक भोक तुम्ही चिंधी कोंबून बुजवलं होतं. चिंधीचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हा हे पत्र माझंच आहे.

आम्ही सगळे बरे आहोत. ईश्वरी आता बालवाडीत जाते. शाळेत सगळ्या मुलांचं वजन केलं, तिचं चांगलं भरलं. बाईंनी आकडा सांगितल्यावर ती म्हणाली, "बाई, चपला काढून परत करा." बाई मला विचारत होत्या की हे हिला कोणी शिकवलं. दूध प्यायच्या आधी ती पेल्यात बघते. बाहुलीला तेल लावते तेव्हा पहिला थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बसते, आणि आम्ही हाक मारली तरी उठत नाही.

काका, माझ्या पदवीची परीक्षा मीच दिली होती. पण त्यानंतरच्या परीक्षेत माझ्या बाजूला तुम्ही बसला होतात. एवढं लिहायचं होतं. समोर बोललो असतो तर तुम्ही खरं मानलं नसतं.

पत्राच्या मागे ईश्वरीच्या तळपायाचा ठसा आहे. मोठा झालाय, तुमच्या अंगठ्याला धरून ताडून बघा. कागदाला तेल लागलं आहे, त्याला इलाज नव्हता. आत्ताच तिचे पाय चोळून झाले होते. पाकीट हाताला जड वाटलं, तर तेवढं वजन तेलाचं धरा.

बाकी तपासून घ्यावं.

तुमचा भाडेकरू